कुलपाची परीक्षा

गतवर्षीं पावसाळ्यांत आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला. ती हकीकत त्याच्या व त्याच्या वडिलांच्या संमतीनें येथें देत आहों.

शाळेच्या संगणकाच्या खोलींतील यंत्रांवर लिनक्स आहे. गुणपत्रकें व प्रश्नपत्रिका ज्या फोल्डरांत ठेवावयाच्या, त्यास सांकेतिक कुलूप घालावें असें आम्हीं ठरविलें. ही सोय लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाईलव्यवस्थेंत २०१५ पासून आहे. किल्ली दिली म्हणजे फायली नेहमींप्रमाणें वाचतां येतात. किल्ली काढून घेतली म्हणजे मजकूर तर राहोच, फायलींचीं नांवेंदेखील निरर्थक अक्षरांची माळ होऊन बसतात. परंतु कुलूप खरोखर लागतें कीं नाहीं हें पाहिल्यावांचून त्यावर विसंबावें कसें? म्हणून आम्हीं एक लहानशी चाचणी लिहिली: किल्ली द्यावी, 'नववी अ' नांवाची फाईल लिहावी, ती वाचून पाहावी, किल्ली काढावी, आणि मग नांव दिसतें का तें तपासावें. चाचणी वीस वेळां चालविली. तीन वेळां नांव स्पष्ट दिसलें.

यंत्रांच्या कामांत दहावींतील एक मुलगा आम्हांस मदत करीत असे. त्या वेळीं खोलींत तोच होता. "तूं कांहीं खोडी केलीस का?" असें आम्हीं विचारलें. "नाहीं सर, मी हातही लावला नाहीं," तो म्हणाला. आम्हीं त्यास खोलींत येण्याची मनाई केली. पुरावा म्हणावा तर तीन अपयशें आणि आमचा संशय, एवढाच.

पुढें फोल्डरांत चाचणीच्या फायली तशाच उरलेल्या आढळल्या, तेव्हां पहिला दोष ध्यानांत आला. शेल हा आपल्या लेखी आज्ञा यंत्रास समजावून देणारा दुभाषा. मोकळी जागा दिसली कीं तेथें शब्द संपला असें तो मानतो. साफसफाईच्या ओळींत नांवाभोंवतीं अवतरणचिन्हें घालावयाचीं राहिलीं होतीं. त्यामुळें 'नववी अ' ही एक फाईल पुसण्याऐवजीं तो 'नववी' व 'अ' या दोन फायली पुसावयास जाई. सुदैवानें तेथें 'नववी' नांवाचें दुसरें कांहीं नव्हतें. मोडींत शब्दांमध्यें जागा सोडण्याची चाल नव्हती. ओळ अखंड चाले, आणि शब्द तोडणें वाचणाराच्या अकलेवर सोडलेलें असे. विरामचिन्हें मराठींत रूढ करण्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी यांस देतात. अवतरणचिन्ह विसरणाऱ्या मुलाचा अर्धा गुण आम्ही बिनदिक्कत कापतों, हें आमचे विद्यार्थी जाणतातच!

चिन्हें घातलीं, तरी नांव मधून मधून दिसेच. फाईल वाचण्याचें काम आम्हीं मागें चालूं सोडलें होतें, म्हणजे तें संपण्याची वाट न पाहतां शेल पुढील आज्ञेकडे वळे. वाचणारा व किल्ली काढणारा यांची शर्यत लागे. बहुधा वाचणारा आधीं संपे. क्वचित् किल्ली काढते वेळीं फाईल त्याच्या हातीं उघडीच असे, आणि उघडी फाईल लिनक्स हिसकावून घेत नाहीं. ती मिटेपर्यंत नांवही दिसत राहतें. कुलूप पुरतें लागलें नाहीं असा इशारा तेव्हां मिळतो. परंतु पडद्यावर गर्दी नको म्हणून सारे इशारे फेकून देण्याची आज्ञा आम्हींच लिहून ठेवली होती.

प्रथम आम्हीं दोन सेकंद थांबण्याची आज्ञा घातली. दोष विरळ झाला, गेला नाहीं. आणि विरळ दोष गेलासा वाटतो, म्हणून तो अधिक वाईट. मग उलट केलें. वाचणाऱ्यासच मुद्दाम पांच सेकंद रेंगाळावयास लावलें. चाचणी दर वेळीं फसूं लागली, तेव्हां कारण हातीं लागल्याची खात्री पटली. त्यानंतर 'वेट' ही आज्ञा घातली, म्हणजे वाचणारा संपेपर्यंत शेल पुढें जाणार नाहीं. दोनशें वेळां चाचणी चालविली. एकदांही नांव दिसलें नाहीं.

त्याच सायंकाळीं आम्ही कुंडलिकेपलीकडे त्या मुलाच्या घरीं गेलों. वडील मोंढ्यावरून नुकतेच परतले होते. त्यांच्यासमक्ष आम्हीं चूक कबूल केली व मुलाची क्षमा मागितली. मुलगा खालीं पाहत राहिला. वडील म्हणाले, "पंधरा दिवस झाले सर, लेकरू धड जेवलं नाही." त्यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेनंतर तो खोलींत आला. चाचणी ओळीनें वाचून म्हणाला, "सर, नांवांतच अवतरणचिन्ह असलें तर?" शेवटची तपासणी दुसऱ्या वापरकर्त्याच्या नांवें होते, तेथें आमची आज्ञा दुसऱ्या शेलकडे जाऊन पुन्हां वाचली जाते, म्हणून नांवाभोंवतीं आम्हीं एकेरी चिन्हें घातलीं होतीं. त्यानें मधोमध एक एकेरी चिन्ह असलेलें नांव दिलें. दुसऱ्या शेलास वाटलें, नांव तेथेंच संपलें. चाचणी अडली. नांव आज्ञेच्या मजकुरांत गुंफूं नये, तें शेलच्या हातीं वेगळें द्यावें, ही दुरुस्ती त्यानेंच केली. चाचणीच्या पहिल्या ओळींत आतां दोन नांवें आहेत, त्याचें आधीं.