घडी उघडल्यावर उरते ते काम

बैलगाडीच्या चाकात तुंब्यातून निघून धावेकडे जाणाऱ्या दांड्यांना आपण आरे म्हणतो. चित्रकलेच्या पुस्तकातला ‘अरीय’ हा शब्द त्याच कुळातला, कारण संस्कृतातला ‘अर’ म्हणजे चाकाचा आराच. मध्यापासून सगळीकडे पसरणाऱ्या रचनेने साधलेला तोल तो अरीय तोल. ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदच्या आसपास राहणाऱ्याला त्याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. मळणीच्या खळ्यात मधोमध रोवलेली मेढ आणि तिच्याभोवती फिरणारे बैल, कुंपणाकडेची पाच पाकळ्यांची सदाफुली, दारातली ठिपक्यांची रांगोळी, देवाच्या मूर्तीमागची अर्धवर्तुळाकार प्रभावळ आणि दिवाळीत घरोघरी लागणारी चांदणी, हे सारे मध्याला धरून उभे आहे. पण उदाहरणे इतकी जवळ असल्यामुळेच एक गफलत होते. चारी बाजूंना सारखे दिसले की तोल साधला, असे आपण धरून चालतो. सममिती आणि तोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक हाताला कळावा यासाठी कातरलेल्या कागदाच्या कोलाजइतके सोपे आणि स्वस्त साधन दुसरे नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी सममितीचे पाहू. घोटीव कागदाचे २० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ घ्या. एकदा दुमडले की अर्धे, दुसऱ्यांदा दुमडले की पाव, आणि तिसऱ्या घडीनंतर आठ थरांची, ४५ अंशांची निमुळती फोड हातात येते. फोडीच्या मध्यभागी पंचने भोक पाडले तर घडी उघडल्यावर ते आठ ठिकाणी दिसते. पण घडीच्या एका कडेला कात्रीने अर्धे पान कापले, तर पूर्ण पाने चारच उमलतात, कारण मध्यातून निघणाऱ्या आठ रेषांपैकी एकाआड एक चारच त्या कडेच्या वाट्याला आलेल्या असतात. सहा टोकांची चांदणी हवी असेल तर अर्धवर्तुळाचे तीन सारखे भाग दुमडून त्यावर आणखी एक घडी घालावी लागते. हा हिशेब सुंदर आहे आणि मुलांना तो कर्तव्यभूमितीच्या तासापेक्षा लवकर समजतो. मात्र तो करतो कागद. कात्री कुठेही चालवली तरी उत्तर सममितच येते. जिथे चूक होऊच शकत नाही तिथे निर्णयही घ्यावा लागत नाही, आणि तोल हा निर्णयाचा विषय आहे.

आता त्याच मापाचे काळ्या कार्डशीटचे वर्तुळ घ्या आणि त्यावर एकाच आकाराच्या आठ पाकळ्या सारख्या अंतरावर मांडा. सात पिवळ्या, एक लाल. डिंक लावू नका. कोनमापक सगळे बरोबर असल्याची ग्वाही देईल, पण डोळा पुन्हा पुन्हा लाल पाकळीकडे जाईल आणि वर्तुळ त्या अंगाला कलल्यासारखे वाटेल. ती पाकळी बोटभर मध्याकडे सरकवली की ओढ कमी होते. किंवा तिला जागच्या जागी ठेवून समोरच्या बाजूला, अगदी काठाशी, लाल कागदाचा नखाएवढा तुकडा ठेवून पाहा. रचना बऱ्यापैकी सावरते. दांडीच्या काट्याचा नियम हाच असतो, टांगणीपासून लांब सरकवलेले लहान वजन जवळच्या मोठ्या वजनाला पेलते. चित्रात वजन म्हणजे नुसता आकार नव्हे. रंगाचा भडकपणा, आजूबाजूची मोकळी जागा, कड कात्रीने कापली आहे की हाताने फाडली आहे, हे सगळे तोलात धरावे लागते. फाडलेल्या कडेला कागदाचा पांढरा गाभा दिसतो आणि तेवढी बारीक रेघसुद्धा नजर खेचते. पेन्सिलीने काढलेली पाकळी हलवायची तर ती खोडावी लागते. कागदाचा तुकडा डिंक लागेपर्यंत मोकळा असतो, म्हणून दहा मिनिटांत वीस रचना मांडून मोडता येतात.

सममितीशिवाय अरीय तोल टिकतो का, ही शंका रास्त आहे. त्याचा भक्कम पुरावा आपल्याच मुलखात आहे. २०१४ साली वेगळा जिल्हा होईपर्यंत पालघर ज्या ठाणे जिल्ह्याचा भाग होता, तिथल्या वारली चित्रांतला तारपा नाच पाहा. मध्ये तारपा हे वाद्य वाजवणारा आणि त्याच्याभोवती हात धरलेल्या नाचणाऱ्यांची गुंडाळत गेलेली रांग. ही रांग बंद वर्तुळ करत नाही, तिचे बाहेरचे टोक सुटे असते. त्यामुळे मध्यापासून एका दिशेला रेघ ओढली तर तीन माणसे लागतात आणि समोरच्या दिशेला दोनच. घडी घालून हे चित्र कधीच जुळणार नाही. तरी ते कलत नाही, कारण प्रत्येक आकृतीची दिशा मध्याशी बांधलेली असते आणि सुट्या टोकाकडची मोकळी जागा झाडे, झोपड्या, गुरेढोरे तोलून धरतात. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रभाषा भिंतीवरून कागद-कापडावर आणून जगभर नेली आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतही मध्याची ही पकड ठळक दिसते. दुसरा पुरावा थेट कातरलेल्या कागदाचा आहे. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस याचे १९५३ सालचे ‘गोगलगाय’ हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. प्रत्येक बाजू जवळजवळ २ मीटर ८७ सेंटिमीटर, आणि त्यावर गुआश रंगाने रंगवलेल्या कागदाचे ओबडधोबड चौकोनी तुकडे शंखाच्या वळणाने मांडलेले. कोणतेही दोन तुकडे सारखे नाहीत. उतारवयात, आजारपणामुळे मातीस कागद कातरी आणि त्याच्या सांगण्यावरून मदतनीस तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावून हलवत, चिकटवणे नंतर. म्हणजे तोल सापडला तो सरकवता सरकवता.

यावर आपल्याकडचा कलाशिक्षक म्हणेल, आधी शिस्त नको का? शासकीय रेखाकला परीक्षेच्या संकल्पचित्रात मुलाने कंपास नीट धरावा, आकृती मोजून पुन्हा काढावी, ही अपेक्षा गैर नाही. मलाही ती मान्य आहे. हाताला वळण पुनरावृत्तीनेच लागते. पण वर्तुळाचे आठ भाग करून एकाच भागातली नक्षी आठदा उतरवण्यापाशी धडा संपला, तर मुलगा नकलेत तरबेज होतो आणि रचनेत कच्चा राहतो. दुसरा आक्षेप नव्या पिढीचा आहे. संगणकावर एक पाकळी काढून ती फिरवत नेली की क्षणात मंडल तयार, मग कात्री कशाला? संगणकाची ही करामत म्हणजे वेगवान घडीच. ती सममिती देते आणि तिथेच थांबते. नंतर एक पाकळी वेगळी करायची ठरली की पडद्यावरही तेच प्रश्न उभे राहतात, आणि त्यांची उत्तरे ज्या डोळ्याने द्यायची तो डोळा हातात तुकडा धरून जास्त लवकर तयार होतो. तिसरा आक्षेप असा की मध्याभोवतीची रचना स्थिर आणि शोभेपुरतीच असते, तिच्यात कथा मावत नाही. तारपा नाचाचे चित्र पाहिल्यावर हा आक्षेप उरू नये. मेढ हलत नाही म्हणूनच बैल फिरू शकतात.

आणखी एक गोष्ट रांगोळीच्या बाजूने सांगायला हवी, नाहीतर मी तिला कमी लेखतो असे वाटेल. ठिपके सममित असतात, रेषाही बहुधा सममित असतात, पण रंग भरताना घरातली बाई थांबते, दोन पावले मागे जाते आणि एका कोपऱ्यात हिरवा कमी करून पिवळा वाढवते. त्या क्षणी ती ठिपक्यांचा हिशेब सोडून तोलाचा विचार करत असते. कोलाज हेच थांबणे आणि मागे सरणे सावकाश, पुन्हा पुन्हा करायला लावते. त्याला लागते काय? कात्री, डिंक आणि घरात येणारा रंगीत कागद. जुन्या लग्नपत्रिका, मिठाईच्या खोक्यांची झाकणे, कंदिलातून उरलेला पतंगी कागद, काहीही चालते.

तेव्हा या दिवाळीत मुलांबरोबर एक वर्तुळ नक्की करा. घडी घालून कातरा, उघडा आणि तिथे थांबू नका. त्यावर निदान एक तुकडा असा ठेवा की ज्याचा जोडीदार समोर नाही, आणि मग बाकीचे तुकडे सरकवून त्याला सांभाळून घ्या. चिकटवण्याआधी वर्तुळ पाव वळण देऊन पाहा, मग अर्धे, मग पाऊण. चारही वेळा नजर मध्याकडे परतली, तरच डिंकाची बाटली उघडा.