कळण्याचा उडीद

फैजपुरात पाहुण्यापुढे चांगली केळी ठेवायची म्हटलं की पंचाईत होते. चहूकडे केळीच्या बागा, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरून केळी भरलेल्या गाड्या, आणि बाजारात हातगाडीवर मिळते ती बहुतेक वापसी. व्यापाऱ्याने बाजूला काढलेली, बारीक नाहीतर डागाळलेली. चांगला माल बागेतून निघतो तो थेट गाडीत चढतो. तो खायचा असेल तर कुणाच्या तरी शेतातून अख्खा घड यावा लागतो. तो विकत मागायला आपल्याला संकोच, आणि पैसे घ्यायला देणाऱ्याला त्याहून जास्त. एवढा घड एका घरात संपत नाही, मग निम्म्या फण्या शेजारीपाजारी जातात.

बाकीची केळी जाते उत्तरेला. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवर एके काळी दिल्लीसाठी वाघिणी भरल्या जात. भाव ऐकायचा तो बऱ्हाणपूरचा, म्हणजे शेजारच्या राज्यातला. नवती, पिलबाग, कांदेबाग असे बागेच्या प्रकारानुसार दर संध्याकाळपर्यंत मोबाइलवर येतात आणि त्यावर घराघरांतल्या लग्नाच्या तारखा, ट्यूबवेलचे बेत पुढे-मागे सरकतात. माल किती भरला, दांड्याची घट किती धरली, हे शेतकरी तोंडपाठ सांगेल. कुणाच्या ताटात गेला, हे त्याला कळायला मार्ग नाही. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्या नावाने केळी मागणारं गिऱ्हाईक मला तरी अजून भेटलेलं नाही.

त्याच वर्षी ते मानांकन जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही मिळालं. वांग्याला मात्र त्याची गरज होती का, असा प्रश्न पडतो. थंडी सुरू झाली की आमच्याकडे वांगं नुसतं वांगं राहत नाही, ते ‘बामणोदचं’ असतं. बामणोद फैजपूरच्या जवळच. टोपलीतली ती फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातभर वांगी पाहून बायका पहिल्यांदा गावाचं नाव विचारतात, मग भाव. विकणारीही कच्ची नसते. "हातात घेऊन पाहा ना काकू, हलकं लागते का नाही? जड वांग्यात बिया राह्यतात," असं म्हणत ती एक वांगं आपल्या तळहातावर ठेवते आणि दुसरं स्वतःच टोपलीच्या तळाशी सरकवते. ते जड असतं. तिने ते मला दिलं असतं, तर पुढच्या आठवड्यात मी कुठे उभी राहिले असते, हे तिला ठाऊक आहे.

हा सगळा व्यवहार त्या एका सरकवण्यावर चालतो, असं मला वाटतं. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायची, साल काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणासोबत ठेचायची, वर कांद्याच्या पातीची, शेंगदाण्यांची फोडणी. दहा माणसं जेवायला असोत की दोनशे, वांग्यात बी लागली की सगळी पंगत बोलते. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य झाला की चातुर्मासात वांगं वर्ज्य केलेली घरंही मोकळी होतात, आणि मग शेताशेतांतून भरिताच्या जेवणावळी सुरू होतात. त्या जेवणात वांगं कुणाच्या वावरातलं, हे विचारल्यावाचून घास पुढे जात नाही. चुकीचं वांगं पिकवलं तर चारचौघांत नाव निघेल, हा धाक आणि चांगलं पिकवलं तर पुढच्या लग्नाचा सगळा माल आपल्याकडून जाईल, ही आशा. शेतकऱ्याला पाठबळ द्या म्हणून कुणी भाषण केलेलं नाही. खाणारे चोखंदळ आहेत, एवढंच.

फैजपूरला शेतकऱ्यांवरच्या भाषणांची वानवा कधीच नव्हती. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन इथे झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू, बांबू आणि गावातल्याच सामानातून नगर उभारणारे नंदलाल बोस, जागेसाठी आणि माणसांसाठी राबलेले धनाजी नाना चौधरी, हे सगळं इथल्या पोरांना शाळेत पाठ होतं. इथे मंजूर झालेल्या १३ कलमी शेती कार्यक्रमात सारा, खंड, कर्ज, शेतमजुरांची मजुरी हे सारं होतं. त्या काळी शेतकऱ्याच्या मानेवर सावकार आणि सारा होता, म्हणून तेच असणार. पण मला त्या अधिवेशनातली दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावते. गांधींनी तिथे खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन मांडायला लावलं होतं. घाण्याचं तेल, गूळ, हातसडीचा तांदूळ या गोष्टींचा आग्रह ते तेव्हा जिथे-तिथे धरत. त्याच्या दोनच वर्षं आधी ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता. ठराव सरकारकडे काही मागतात. प्रदर्शन थेट जेवणाऱ्याला विचारतं की तू काय खाणार. दुसरा प्रश्न अवघड, म्हणून त्याची आठवण कमी.

मुंबईत तो प्रश्न ग्राहकांनीच हातात घेतला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची कुटुंबं संघ करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात आणि आलेला माल आपसांत वाटून घेतात. आमच्या गल्लीत तसं काही कागदावर नाही. पण उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची वेळ आली की तापीकाठचा एक ओळखीचा माणूस दादर ज्वारीची पोती घेऊन येतो. कुणाकडे किती उतरायची, हे त्याला न सांगता कळतं. ज्वारी चावून बघायची, मूठभर सुपात घोळवायची, बाजारभावापेक्षा थोडे जास्त द्यायचे, कारण माती-खडा नसतो. एखाद्या वर्षी पैशाची नड असली तर तो आधीच उचल घेऊन जातो. हे सगळं विश्वासाचं आहे असं मी म्हटलं, तर शेजारची वहिनी हसेल. ती दरवर्षी पोतं दारात मोजून घेते.

आता यातली लंगडी बाजू. ही साखळी ओळखीवर चालते, आणि ज्याची ओळख नाही तो तिच्याबाहेर. बागेत घड कापणाऱ्या, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहून नेणाऱ्या टोळ्यांत सातपुड्यातली पावरा, तडवी माणसं असतात. दिवसाची मजुरी घेऊन ती किराणा दुकानातून पाव किलो तेल आणि दोन किलो पीठ उधारीवर नेतात. त्यांच्यासाठी कुणी ज्वारी चावून बघत नाही. शाळेच्या पोषण आहारात अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं द्यायचं २०२३ मध्ये ठरलं, तेव्हा इथे बरं वाटलं होतं. निदान एक केळं तरी पिकलं तिथेच, ज्या पोराच्या बापाने घड उचलला त्याच पोराच्या हातात पडेल. फैजपूरची चांगली केळी गावातल्याच मुलाला मिळायला सरकारी आदेश लागावा, यात काय ते समजा.

आणि कळणा. ज्वारीत काळा उडीद घालून दळलेलं ते पीठ, त्याची भाकरी भरितासोबत नसेल तर जुनी माणसं ताटावर बसूनही उपाशीच असल्यासारखी बसतात. केळीला पाणी मिळालं तसा उडीद आमच्या शिवारातून मागे हटत गेला. ठिबकच्या नळीखालच्या वावरात उडीद पेरणं परवडत नाही, आणि कुणाला परवडायला सांगायचं तरी कसं? गिरणीत कळणा दळायला येणारा उडीद आता बहुतेक दुकानातला, कुठून आला ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. भाकरी होते, पण तव्यावर तो वास येत नाही.

ज्वारीवाल्याकडे कोरडवाहू दोन तुकडे आहेत. यंदा पोती उतरवताना तो म्हणाला, तुम्ही गल्लीतल्यांनी मिळून जून लागायच्या आत उडदाचा आकडा सांगा, मी त्यात पेरतो. नाहीतर तिथे कपाशी लावतो. गल्लीत विषय निघाला. एक घर पाच किलो म्हणालं. दुसऱ्यात सून म्हणाली, आम्ही हल्ली भरितासोबत पुरीच करतो. तिसऱ्यात कळणा खाणारी आजीच आता नाही. वहिनीचं म्हणणं, भाव आधी ठरवा, मग आकडा. तो भाव सांगत नाही, कारण पावसाचं काय ते त्यालाही ठाऊक नाही. मी माझे दहा किलो लिहून दिलेत. एवढ्यावर तो पेरणार नाही, हे मलाही कळतं आणि त्यालाही.