वाशेरचा चिलखतधारी

दक्षिण फ्रान्समधील आविन्यों शहरात येणारे बहुतेक प्रवासी पोपचा भव्य राजवाडा आणि ऱ्होन नदीवरचा अर्धवट उरलेला पूल पाहून निघून जातात. मात्र तिथल्या जुन्या जेझुइट प्रार्थनामंदिरातील शिल्पसंग्रहालयासाठी अर्धा तास जरूर काढावा. तेथे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक गॉल योद्धा आपली वाट पाहत उभा आहे.

चुनखडीच्या दगडाचा हा पुतळा १८९२ साली प्रोव्हान्समधील वाशेर गावी सापडला. पाय तुटले आहेत. पण गळ्यातले जाड कडे, खांद्यावरचा झगा, उजव्या बाजूची तलवार आणि ढाल स्पष्ट दिसते. अंगात आहे कड्यांचे चिलखत!

आपल्याला आश्चर्य वाटते, कारण रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातील प्रसिद्ध ‘मरणोन्मुख गॉल’ पूर्ण नग्न आहे. मग खरे काय? इ. स. पूर्व २२५ मध्ये तेलामोनच्या लढाईत गॉलांची एक तुकडी उघड्या अंगाने लढली, असे इतिहासकार पोलिबियस सांगतो. पण त्याच सैन्यातील इतरांच्या अंगावर विजारी आणि झगे होते. जेत्यांच्या कलेत मात्र उघडा गॉलच अधिक गाजला.

दगडातले चिलखत ओळखणे सोपे नाही. गुळगुळीत कोरलेला अंगरखा चामड्याचा असेल किंवा कड्या केवळ रंगवलेल्या असतील आणि रंग कधीच उडून गेला असेल. म्हणून अभ्यासक खांद्यांकडे पाहतात. तलवारीचा वार तिथेच बसतो, म्हणून तिथे जाळीचा दुसरा थर असे. वाशेरच्या योद्ध्याच्या खांद्यावर तो दिसतो.

दगडाची ही साक्ष लोखंडानेही पटते. रोमानियात चुमेश्ती येथे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील केल्टिक थडग्यात खऱ्या कड्यांच्या चिलखताचे अवशेष मिळाले. रोमन विद्वान वारो तर या चिलखताचे श्रेय गॉलांनाच देतो. म्हणजे ज्यांना रानटी ठरवले, त्यांचाच पोशाख रोमन सैनिकांनी अंगात घातला!

वाशेरचा हा वीर इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरचा, म्हणजे गॉल प्रदेश सीझरने जिंकल्यानंतरचा. कदाचित तो रोमच्याच सैन्यात नोकरीला असेल. तरीही ढालीवर हात टेकून तो ताठ उभा आहे. रोममधला गॉल शत्रूच्या नजरेतून घडला. हा मात्र आपल्याच मातीत, आपल्या मानाने उभा राहिला. एखाद्या समाजाची ओळख करून घेताना त्याचे चित्र कोणी काढले, हे आधी विचारावे, एवढे हा दगडी वीर सांगून जातो.