डावं पान, उजवं पान

आमच्या घरात एक भांडण चाळीसेक वर्षं चालू आहे आणि ते मिटावं असं कुणालाच वाटत नाही. दिवाळीला किंवा एखाद्या लग्नमुंजीत आत्या, काका आणि बाबा एकत्र जमले, की जेवणं झाल्यावर सुपारीच्या डब्यासोबत तेही बाहेर निघतं. विषय एकच. सर खरे कुणाचे?

सर म्हणजे नरहर कुरुंदकर. महाराष्ट्राला ते समीक्षक, विचारवंत आणि वक्ते म्हणून ठाऊक. आमच्या घरात मात्र ते नुसते ‘सर’. आडनाव लावायची वेळ पाहुण्यांसमोरच यायची. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ते मराठी शिकवत, पुढं तिथंच प्राचार्य झाले. आमची तीन माणसं तीन वेगवेगळ्या वेळी त्यांच्या वर्गात बसली आणि तिघांनी तीन वेगळे सर घरी आणले.

पण ही गोष्ट आजोबांपासून सांगायला हवी. त्यांना सगळे दादा म्हणत. दादा निजामाच्या अमलात तहसिलीत पेशकार होते. शिक्षण उर्दूतून, सही उर्दूत, घरखर्चाची वहीसुद्धा उर्दूत. त्यामुळं महिन्याला किती पैसे उरतात हे आजीला कधी कळलंच नाही. आत्याचा जन्म त्यांनी १३५५ फसली असा टिपून ठेवला होता. शाळेत नाव घालताना त्याचं १९४६ करून घ्यावं लागलं. ४८ च्या पावसाळ्यात रझाकारांच्या भीतीनं त्यांनी बायकापोरांना पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात नेलं. १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान शरण आलं, मंडळी परतली, तर घरात भांडंकुंडं काही राहिलेलं नव्हतं. नोकरी टिकली, पण कचेरीची भाषा बदलत गेली आणि चाळिशीच्या माणसाला मराठीत टिपणी लिहायला नव्यानं शिकावं लागलं. यातलं एक अक्षर ते स्वतःहून बोलत नसत.

अशा घरातली थोरली मुलगी १९६४ साली कॉलेजात गेली. पीपल्स कॉलेज तेव्हा उणंपुरं चौदा वर्षांचं. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं ते निघालं, म्हणून नांदेडच्या पोरांना पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागेना. मुलींना तर हैदराबाद नव्हतंच. त्यांना मिळालं तर नांदेडच. आत्या म्हणते, वर्गात मुली इतक्या कमी, की एक जण आजारी पडली तर बाक रिकामा दिसायचा.

आत्याच्या त्या वेळच्या वह्या अजून आहेत. शाईचा तपकिरी रंग झालाय, पण मांडणी लख्ख आहे. प्रत्येक वहीत डाव्या पानावर वर लिहिलेलं, ‘पूर्वपक्ष’. उजव्या पानावर, ‘उत्तर’. ही सोय तिची तिनंच लावली होती. कारण सर ज्याचं मत खोडायचे, त्याचंच मत आधी इतक्या ताकदीनं मांडायचे, की लिहून घेणाऱ्याला वाटावं, हेच यांचं म्हणणं. मग तास अर्धा उलटला की उजवं पान सुरू व्हायचं. गंमत म्हणजे तिच्या वह्यांत डावी पानं गच्च भरलेली आहेत आणि उजव्या पानांवर कितीतरी ठिकाणी चार ओळीच. आत्याला विचारलं तर म्हणते, “डावं नीट झालं की उजव्याला जागा कशाला लागायली?”

या वहीचा घरात पहिला उपयोग झाला तो १९६६ च्या उन्हाळ्यात. आत्याला परभणीचं स्थळ सांगून आलं. बी.ए. व्हायचं होतं. दादांनी ठरवून टाकलं, लग्न. आजी दारामागं रडली, काका कुठंतरी सटकले. आत्या रडली नाही. ओसरीवर दादांसमोर बसली आणि म्हणाली, “दादा, आधी तुमची बाजू मी सांगते. चुकलं तर थांबवा.”

आणि तिनं सांगितली. एकाच पगारावर सात माणसं. मागं दोन भाऊ शिकायचे. पैनगंगा ओलांडताना पाठीवर होती ती पोर, म्हणजे ती स्वतः. परत आल्यावर उघडंबोडकं दिसलेलं घर. चाळिशीत गिरवलेली मराठी. एकदा राज्यच्या राज्य बदललेलं पाहिलेल्या माणसाला उद्याचा भरवसा वाटत नाही. म्हणून आज चांगलं घर मिळतंय तर मुलगी सुखरूप नांदती करावी, डिग्रीचं पुढं बघता येईल. दादांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीनं त्यांच्यापुढं बसून, जमाखर्च वाचावा तसं, ते सगळं मांडलं.

दादांनी एकदाही थांबवलं नाही. तिची स्वतःची बाजू सुरू व्हायच्या आधीच त्यांनी पाणी मागितलं. तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, “फी कधी भरायचीय?”

आत्याचे सर हे असे. काकांचे सर अगदी निराळे. काकांना अभ्यासाचं वावडं होतं, पत्त्यांचं नव्हतं. ते पहिल्याच वर्षी गटांगळ्या खाऊन आले, तेव्हा त्यांनी कॉलेजात कुणाकडून तरी ऐकलेली एक बातमी ढालीसारखी पुढं केली. सर स्वतः इंटरला नापास झालेले आहेत! बातमी खोटी नव्हती. हैदराबादेत शिकताना परीक्षेपेक्षा ग्रंथालय आणि चळवळ यांच्यातच जास्त रमलेला हा माणूस इंटरमध्ये अडकला होता, पुढं नांदेडात शाळामास्तर झाला, नोकरी करत करत पदव्या घेतल्या आणि मग कॉलेजात आला. दादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते पुस्तकं वाचून नापास झाले. तू काय वाचून झालास?”

काका मात्र तेव्हापासून सरांचे भक्त. त्यांचा युक्तिवाद असा, की पास होणाऱ्यांना सर मिळाले म्हणून काय झालं. नापास होणाऱ्याला घरात मान वर करून बसता आलं ते सरांमुळं. पुढं त्यांनी दुकान टाकलं, बरं चाललं. गल्ल्यामागच्या फळीवर हिशेबाच्या वह्यांशेजारी ‘जागर’ असायचं. किती वाचलं हे विचारायचं नाही असा घरचा दंडक होता.

बाबा धाकटे. ते कॉलेजात गेले तेव्हा ‘श्रीमान योगी’ घरोघर पोचली होती. रणजित देसाईंच्या या कादंबरीला सरांची लांबलचक प्रस्तावना आहे. आमच्या घरच्या प्रतीकडं पाहिलं की वाचणाऱ्याचा स्वभाव कळतो. प्रस्तावनेची पानं मळून पिवळी झालेली, कोपरे दुमडलेले, समासात पेन्सिलीच्या खुणा. कादंबरीची पानं त्या मानानं कोरी करकरीत. ती आजीनं वाचली, हात धुऊन. बाबांना शिवाजीमहाराजांचं वेड लहानपणापासून होतं. सरांनी ते वेड काढलं नाही, त्याला कागद मागायला शिकवलं. हे कुठल्या पत्रात आहे? कुणी लिहिलंय? त्याला तसं लिहिण्यात काय फायदा होता? परिणाम असा, की आजीनं सांगितलेल्या घराण्याच्या पराक्रमातला एकही पूर्वज बाबांच्या तपासणीतून धड बाहेर पडला नाही. आमचे एक खापरपणजोबा लढाईत पडले होते, ते बाबांमुळं पटकीनं वारले.

१० फेब्रुवारी १९८२ ला सर गेले. औरंगाबादला, व्यासपीठावरच, हृदयविकाराच्या झटक्यानं. वय पन्नाससुद्धा नव्हतं. मी तेव्हा साडेतीन वर्षांचा. त्या दिवसांतलं मला आठवतं ते एवढंच, की आमच्या दारात चपलांचा मोठा ढीग होता आणि मी त्यात जोड्या लावत बसलो होतो. ओसरीवर आत्या, काका आणि बाबांच्या बरोबरचे कोण कोण येऊन बसले होते. घरातलं माणूस गेलेलं नव्हतं, तरी लोक आमच्याकडं भेटायला का येत होते, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. दादा त्या दिवशी प्रत्येकाला उठून ‘या’ म्हणत होते, असं आई सांगते. सरांना ते कधी भेटल्याचं कुणाला माहीत नाही.

तर मी सरांना पाहिलेलं नाही. भांडणात मला जागा नाही. सुपारी कातरून द्यायची आणि ऐकायचं, एवढंच काम.

मागच्या दिवाळीत मात्र मला बोलावं लागलं. वाडा विकायचा प्रस्ताव माझाच होता. आत्याचा विरोध सगळ्यांना ठाऊक होता. मी सुरुवात करणार तोच ती म्हणाली, “आधी माझी बाजू सांग.”

मी सांगू लागलो. ओसरीवरचं दादांचं पाणी मागणं. परत आल्यावर रिकामं सापडलेलं आणि एकेक भांडं जोडून पुन्हा भरलेलं घर. उर्दू वह्यांची पेटी, जी फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नाही आणि वाचायला माणूस नाही. चपलांचा ढीग. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी थांबायला तयार नाही.

काका हसले. “घ्या! म्हणजे सर ह्याचेच निघाले की.”

“ह्याचे कशाचे?” आत्या म्हणाली. “डावं पान झालं. आता उजवं सांग.”

उजव्या पानासाठी माझ्याकडं गळक्या माळवदाच्या दुरुस्तीचा अंदाज होता आणि एका दलालाचा फोन नंबर. दोन्ही मी सांगितलं. कुणी काही बोललं नाही. आत्यानं सुपारीचा डबा माझ्याकडं सरकवला आणि बाबांनी नेहमीसारखा विषय काढला, सर खरे कुणाचे.