एक रेघ मागें

महाविद्यालयांत भौतिकशास्त्राचा एखादा तरी वर्षभराचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या कोणाहि गृहस्थास ‘तुमच्या प्रयोगवहींतील आंकडे तुमचे स्वतःचे होते काय?’ असा प्रश्न विचारून पाहावा. तो प्रथम हंसतो. मग इकडे तिकडे पाहतो. आणि समोर कोणी प्राध्यापक बसलेला नाहीं अशी खात्री पटली म्हणजे मोठ्या उमेदीनें आपल्या कारागिरीच्या कथा सांगूं लागतो. या कथा मीं वकिलांच्या, डॉक्टरांच्या, बँकेंतील अधिकाऱ्यांच्या आणि एका नाणावलेल्या इंजिनियराच्याहि तोंडून ऐकल्या आहेत. त्यांत पश्चात्तापाचा सूर मला कधीं आढळला नाहीं. लहानपणीं परक्याच्या बागेंतील कैऱ्या पाडल्याच्या आठवणी ज्या गोडीनें सांगतात, त्याच गोडीनें हे लोक लंबकाच्या आंदोलनांचे बनविलेले आंकडे सांगतात.

या हंसण्यांत मला मनापासून सामील होतां येत नाहीं. मी कांहीं फार सोवळा आहें म्हणून नव्हे. तर १९८१ सालीं पुण्याच्या एका महाविद्यालयांत विज्ञानाच्या प्रथम वर्षाला असतांना, हे आंकडे बनवितांना हातचें काय जातें तें मला फार जवळून पाहावयास मिळालें म्हणून.

आमचा भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम दोन ठिकाणीं चाले. एक व्याख्यानाचें दालन आणि दुसरी प्रयोगशाळा. व्याख्यानाच्या दालनांतील सृष्टि मोठी सुखी होती. तेथील दोऱ्यांना वजन नसे, कप्प्यांना घर्षण नसे, आणि फळ्यावर खडूनें काढलेला लंबक हवेची पर्वा न करतां युगानुयुगें झुलत राही. प्राध्यापक मजकूर उत्तम शिकवीत. त्यांच्या व्याख्यानानंतर निसर्ग हा एखाद्या शिस्तीच्या घरांतील थोरल्या मुलासारखा, विचारलें कीं उत्तर देणारा, असा भास होत असे. बुधवारीं दुपारीं आम्ही खालच्या मजल्यावर प्रयोगशाळेंत उतरलों म्हणजे तो भास पार नाहींसा होई. तेथें काळवंडलेल्या सागवानी टेबलांवर पितळी उपकरणें मांडलेलीं असत आणि त्यांतील प्रत्येकाला स्वतःचा स्वभाव असे. सूक्ष्ममापकाचा स्क्रू पुरता मिटला तरी शून्यावर येत नसे. मीटर-सेतूची तार मधल्या पट्ट्यांत वर्षानुवर्षें घासून बारीक झालेली होती. एक गॅल्व्हानोमीटर असा होता कीं त्याला टिचकी मारल्याखेरीज त्याचा कांटा जागचा हलावयाचा नाहीं.

या सर्वांचे स्वभाव ज्यांना तोंडपाठ होते ते म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस. त्यांना सारे महाविद्यालय ‘मामा’ म्हणे. ते कोंकणांतले, गुहागरच्या बाजूचे. शाळा सातवीपर्यंतच झालेली. परंतु कोणत्या उपकरणाचें उत्तर किती येतें आणि किती यावयास पाहिजे, या दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. आणि या दोहोंमध्यें जें अंतर आहे तें विद्यार्थ्यानें आपल्या पेन्सिलीनें भरून काढावयाचें, अशी त्यांची सरळ समजूत होती.

लंबकाचा प्रयोग वाचकांपैकीं पुष्कळांनीं केला असेल. उभें कापलेल्या बुचाच्या दोन फांकांमध्यें दोरा धरावयाचा, त्याला पितळी गोळा टांगावयाचा, बुचापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी मोजावयाची, आणि हलका झोका देऊन आंदोलनांचा काल घ्यावयाचा. लांबी आणि काल कळले म्हणजे गुरुत्वत्वरण, आमच्या बोलीभाषेंत ‘जी’, गणितानें निघतें. सांगावयास हें इतकें सोपें आहे. करूं लागलें म्हणजे त्यांतल्या खोड्या कळतात. मोजणी ‘शून्य’ म्हणून सुरू केली पाहिजे. ‘एक’ म्हणून घड्याळ चालू केलें आणि ‘वीस’ला थांबविलें, तर हातीं एकोणीस आंदोलनांचा काल येतो आणि उत्तर दहा टक्क्यांहून अधिक फुगतें. गोळा झोक्याच्या टोंकाला असतांना घड्याळ दाबूं नये, कारण तेथें तो घुटमळतो आणि तो नक्की केव्हां परतला तें डोळ्यांना ठरवितां येत नाहीं. मागें भिंतीवर खडूची उभी रेघ ओढावी आणि गोळा त्या रेघेवरून भरधांव जातो तो क्षण पकडावा. झोका मोठा देण्याचा मोह आवरावा. दोरा दोन्ही बाजूंस दहा दहा अंश गेला तरी ‘जी’ जवळ जवळ चार एककांनीं कमी येतो. आणि पंखा बंद ठेवावा. ऐन उकाड्यांत पंखा बंद करून, घाम टिपीत, ओंठांतल्या ओंठांत आंकडे मोजणारीं दोन मुलें पाहून व्हरांड्यांतून जाणाऱ्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना आम्ही जप करीत आहों असें वाटत असे. आणि त्यांचें फारसें चुकत नव्हतें.

पुस्तकांत वीस आंदोलनें मोजण्यास सांगितलें होतें. आमचें घड्याळ सेकंदाचा पांचवा भाग दाखविणारें. म्हणून मीं शंभर मोजण्याचा हट्ट धरला. लांबी बरोबर शंभर सेंटिमीटर ठेवली होती. शंभर आंदोलनांस २००.८ सेकंद लागले. त्यावरून ‘जी’ आला ९७९.१. पुस्तकांत होता ९८१.

माझा जोडीदार माझ्याहून हुशार होता. त्यानें लॉगरिदमचें पुस्तक न उघडतांच सांगितलें, “दोनशे पूर्णांक सहा लिही. कांटा एक रेघ मागं घे, नऊशे एक्याऐंशी येतंय.” मीं करून पाहिलें. खरोखरच ९८१.१ आला! घड्याळाच्या तबकडीवरची एक बारीक रेघ. एका बाजूला दहापैकीं दहा गुण आणि दुसऱ्या बाजूला ‘पुन्हा करा’. मीं रेघ मागें घेतली नाहीं. पुढच्या बुधवारीं आणखी चारदां शंभर शंभर आंदोलनें मोजलीं. २०१.०, २००.८, २०१.०, २००.८. पांचांची सरासरी २००.८८ आणि उत्तर ९७८.३, म्हणजे पहिल्यापेक्षांहि पुस्तकापासून दूर! २००.६ हा आंकडा एकदांहि आला नाहीं. आमच्या प्रात्यक्षिकाच्या शिक्षकांनीं तांबड्या शाईनें ‘पुन्हा करा’ असा शेरा मारला आणि पान सहीवांचून परत केलें.

त्या शिक्षकांना मी दोष देत नाहीं. वीस विद्यार्थी, आठ प्रकारचे प्रयोग आणि दोन तास. प्रत्येकानें बूच नीट धरलें कीं नाहीं, झोका किती दिला, हें त्यांनीं कोठें कोठें पाहावें? कृति पाहावयास सवड नाहीं, म्हणून उत्तर पाहून कृति जोखावयाची, हा आमच्या शिक्षणाचा जुना हिशेब आहे. परंतु त्या हिशेबाचा परिणाम असा होतो कीं जो प्रश्न आपण निसर्गाला विचारावयाचा तो विद्यार्थी शेजाऱ्याला विचारतो. ‘किती आलें?’ असें आमच्या वर्गांत कोणीच म्हणत नसे. ‘किती यायला पाहिजे?’ असेंच सारे म्हणत. आणि एकदां तें कळलें म्हणजे मागें मागें गणित करून वेळ काढावयाचा, मग ती अगदींच नीटस दिसूं नये म्हणून एखाद्या ओळींत थोडीशी चूक नक्षीसारखी पेरावयाची, ही कला आमच्यांतल्या मंद म्हणविणाऱ्या मुलांनाहि उत्तम साधलेली होती. वरच्या वर्गाच्या वह्या खालच्या वर्गाकडे घराण्याच्या गायकीसारख्या उतरत येत.

वर्ष संपत आलें. वहीचें प्रत्येक पान सहीचें असल्याखेरीज वही प्रमाणित होत नसे, आणि प्रमाणित वहीवांचून वार्षिक परीक्षेला बसतां येत नसे. माझें एक पान कोरेंच राहिलें होतें. मामांनीं मला बाजूला घेऊन समजावलें, “पोरा, एक आंकडा तर बदलायचा. त्या गोळ्याला काय कळतंय?” घरीं वडिलांना हें सांगण्याची सोय नव्हती, फी कशी भरली होती तें मला माहीत होतें.

अशा अडचणींत मनुष्य ग्रंथालयांत जातो. तेथें भूमापनावरील एका जुन्या ग्रंथांत मला अशी गोष्ट सांपडली कीं जी वस्तुतः आमच्या पहिल्या व्याख्यानांतच सांगावयास हवी होती. ‘जी’ हा सर्वत्र सारखा नसतो. समुद्रसपाटीला विषुववृत्तावर तो सुमारें ९७८.० असतो आणि ध्रुवांवर सुमारें ९८३.२, मधल्या गांवांचा तो अक्षांशावरून काढतां येतो. लंडनचा ९८१.२ आहे. १९०१ सालीं राष्ट्रांनीं मिळून जी प्रमाण किंमत ठरविली ती ९८०.६६५. आणि पुण्याचा, अक्षांश साडेअठरा व उंची सुमारें ५६० मीटर धरून हिशेब केला तर, निघतो ९७८.४! म्हणजे आमच्या पाठ्यपुस्तकांतला ९८१ हा विलायतेचा पाहुणा होता. इंग्रज जाऊन चौतीस वर्षें झालीं होतीं, तरी लंडनचें गुरुत्व पुण्यांत आणून दाखविल्यावांचून पुण्याच्या मुलाला पुरे गुण मिळत नव्हते.

हा शोध कांहीं माझा नव्हे, आणि नवाहि नव्हे. १६७२ मध्यें झां रिशे हा फ्रेंच ज्योतिषी पॅरिसहून लंबकाचें घड्याळ घेऊन विषुववृत्ताजवळच्या केयेन येथें गेला, तेव्हां तें दिवसाला अडीच मिनिटें मागें पडूं लागलें. सेकंदाचा लंबक त्याला सुमारें पावणेतीन मिलिमीटर आंखूड करावा लागला. उष्णतेनें लंबक लांबला असेल अशी शंका कित्येकांनीं घेतली. परंतु न्यूटननें हें निरीक्षण उचललें आणि पृथ्वी विषुववृत्तापाशीं फुगलेली आहे या आपल्या सिद्धांतास आधार म्हणून मांडलें. रिशेनें कांटा एक रेघ मागें घेतला असता तर? आपल्याच देशांत १८६५ पासून कॅप्टन बॅसेव्ही हा सर्वेक्षण खात्याचा अधिकारी लंबक घेऊन दक्षिण टोंकापासून हिमालयाकडे हिंडला. एवढा थोरला पर्वत जवळ आला म्हणजे गुरुत्व वाढावें, ही अपेक्षा. हिशेबानें तें कमी भरलें. पर्वतांखालचें द्रव्य हलकें असलें पाहिजे, या विचाराला त्या आंकड्यांनीं बळ दिलें. १८७१ मध्यें लडाखच्या पठारावर हीं निरीक्षणें करीत असतांनाच बॅसेव्ही मरण पावला. 

उलट बाजूचें उदाहरणहि थोरांचेंच आहे. मिलिकननें इलेक्ट्रॉनचा विद्युद्भार मोजला. हवेची श्यानता त्यानें चुकीची धरल्यामुळें त्याचें उत्तर किंचित् कमी आलें. त्यानंतरच्या शास्त्रज्ञांचीं उत्तरें एकदम बरोबर न येतां पायरी पायरीनें वर सरकत गेलीं. १९७४ सालच्या एका भाषणांत फाइनमननें याचें कारण सांगितलें: ज्याचें उत्तर मिलिकनहून फार निराळें येई तो चूक शोधीत बसे, जवळचें आलें कीं मुकाट्यानें स्वीकारी. आमचा जोडीदार निदान हंसत हंसत तरी करीत होता.

आतां न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. माझा ९७८.३ हा लंडनच्या ९८१ ला खोटा ठरविण्यास पुरेसा होता काय? नव्हता. लांबी मोजण्यांत एक मिलिमीटर इकडे तिकडे झाला कीं ‘जी’ एका एककानें सरकतो. आणि आमचें घड्याळ दिवसाला दोन मिनिटें पुढें धांवणारें असतें, तर तेवढ्यानेंच लंडन आणि पुणें यांतला सारा फरक पुसून गेला असता. कारण हा फरक शंभर आंदोलनांत जेमतेम पाव सेकंदाचा. तें घड्याळ कोणाशीं ताडून पाहावयाची सोय आमच्यापाशीं नव्हती. तेव्हां माझ्या आंकड्यानें पुस्तकाला दोषी ठरविणें जसें धाडसाचें, तसेंच पुस्तकाच्या आंकड्यानें मला दोषी ठरविणेंहि. दोघांनाहि उभे राहूं देणें एवढेंच योग्य होतें. मीं दोन फुलस्केप कागदांवर हा सर्व हिशेब, घड्याळाविषयींच्या शंकेसह, लिहिला आणि वहीला टांचून दिला.

शिक्षकांनीं तो उभ्या उभ्या वाचला. मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचला. पुण्याच्या अक्षांशाच्या ओळीवर त्यांनीं पेन्सिलीनें बारीक खूण केली. मग सही केली. गुण सहाच दिले. त्याबद्दल ते कांहीं बोलले नाहींत आणि मींहि विचारलें नाहीं. पुढच्या वर्षींहि फळ्यावर ९८१ लिहिलेला मीं पाहिला.

मामा पलीकडे पितळी गोळे फडक्यानें पुसून खोक्यांत भरीत होते. 

“मग किती ठरलं?” त्यांनीं विचारलें.

“नऊशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक तीन.”

“पुण्याचं?”

“पुण्याचं.”

“आणि आमच्याकडलं? गुहागरचं?”

मीं वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. अक्षांश पुण्याहून थोडा कमी. पण गांव समुद्राला लागून, उंची नाहीं. सूत्राप्रमाणें ९७८.५ निघाला. पुण्याच्या सूत्राच्या उत्तराहून एका दशांशानें अधिक.

“म्हणजे पुण्यापेक्षां जास्तच,” मामा म्हणाले, आणि त्यांनीं खोक्याचें झांकण लावलें.