तेहतीस दारांचं गोसे

पवनीजवळ वैनगंगेच्या पात्रात आडवं पडलेलं गोसेखुर्द धरण वयानं फार मोठं नाही. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. पण कालवे पूर्ण होण्याची वाट बघतच त्याची पस्तिशी उलटली. नागपूर-भंडाऱ्यातली किती गावं त्यानं पोटात घेतली! त्या गावांनी सोडलेली जमीन आठवली की या धरणाची हयगय कुणी करावी, हे मला सहन होत नाही.

अंगानं ते अवाढव्य. अकरा किलोमीटरहून लांब, बहुतेक मातीचं. मधल्या सांडव्याला 33 पोलादी दारं. पोटात 1146 दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. त्यात नाग नदीनं कन्हानमार्गे आणलेलं नागपूरचं सांडपाणीही आलं, आणि त्यावर पोसलेली जलपर्णीही. पायथ्याशी लहानसं वीजघर आहे.

मातीच्या धरणाची तब्येत त्याच्या झिरप्यावरून कळते. भिंतीतून थोडं पाणी पाझरणारच. ते खाचेच्या पट्टीवरून पडतं तिथं रोज त्याची उंची मोजायची आणि ओंजळीत धरून बघायचं. नितळ असेल तर ठीक. गढूळ आलं, तर आतली माती निघून चालली आहे. मग क्षणभरही थांबायचं नाही.

दारांचं दुखणं वेगळं. रबरी पट्ट्या कडक होतात, दारं उचलणाऱ्या दोरांचं ग्रीस वाळतं, रंगाखाली गंज धरतो. 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री कर्नाटकात तुंगभद्रा धरणाचं 19 क्रमांकाचं दार साखळी तुटून वाहून गेलं. त्या धरणाला सत्तरेक वर्षं झाली होती. गोसेच्या दारांची निगा आजच राखायला हवी.

ऑगस्ट 2020 च्या शेवटी वर मध्य प्रदेशातल्या, वैनगंगेवरच्याच संजय सरोवराचं पाणी सुटलं, पाऊसही होता. भंडारा शहरात पाणी शिरलं, गोसेची सगळी दारं उघडावी लागली, आणि खाली ब्रह्मपुरीकडची गावं बुडाली. धरण फुटलं नव्हतं, तरी माणसांचे संसार गेले. म्हणून धरणाच्या सुरक्षिततेत भिंतीइतकाच खबरेचा वाटा आहे. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानं पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आणि आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला आहे. तो आराखडा धरणाखालच्या लाखांदूर भागातल्या नदीकाठच्या ग्रामपंचायतीत मराठीत लावलेला हवा: भोंगा किती वेळ आधी वाजणार, आणि म्हातारी माणसं, गुरं कुठल्या वाटेनं न्यायची.