दोष कुणाचा?

२०२४ साली पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळविले आणि आमच्या धाकटीने एअर रायफलीचा हट्ट धरला. नवी कोरी आणली. पण दहा मीटरवरून पाच छर्रे पाच दिशांना! कारखान्याला तीन पत्रे घातली. उत्तर एकच : ‘दोष नेम धरणाऱ्याच्या हातात आहे.’

‘‘माझा हातच वाईट, बाबा,’’ म्हणून पोरीने ती कोपऱ्यात ठेवून दिली.

रात्री प्रगतिपुस्तके भरताना माझी लेखणी अडखळली. ‘अभ्यासात लक्ष नाही’ हा शेरा मीही असाच न तपासता मारतो की! उठलो, पेचकस घेतला. दस्त्याचे दोन स्क्रू ढिले निघाले. आवळले.

सकाळी पाचही छिद्रे एका रुपयाखाली झाकली गेली. पोरगी हसली. मी तीन शेरे खोडले.